अक्षराला चार रुपये

भांडी बाजारात, एका पायरीच्या कडेला माझं दुकान:
एक मशीन, एक स्टूल, दोरीनं बांधलेला चष्मा.
भांड्यांवर नावं घालतो.
अक्षराला चार रुपये, काना-मात्रा फुकट,
जोडाक्षराचे दोन धरतो,
हात भरून येतो.

काल भरदुपारी भिशीतल्या चौघी आल्या,
तांबट आळीतून थेट, हंडा घेऊन,
ठोके अजून ताजे होते.
"मथूताई पिंगळ्यांना द्यायचाय. पंचाहत्तरी आहे.
नाव घाला, आणि खाली एकच शब्द.
त्या काय आहेत, तो."

"काय आहेत?"

चौघी एकदम बोलल्या, एकदम थांबल्या.

प्रेसमध्ये तीस वर्षं नोटा मोजल्या, हे झालं पोटाचं.
मोडी वाचतात; भावकीतले किती दावे
त्यांच्या ओट्यावर चहासोबत मिटले.
पेटीचा बसलेला सूर हेअरपिननं उठवतात.
मखमलाबादला अडलेली गाय सोडवली एकदा,
मध्यरात्री, बांगड्या काढून रुमालात बांधून.
धरणातून किती सोडलं एवढं ऐकलं, की सांगतात
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला गंगा किती वाजता लागेल.
दहा मिनिटं चुकली
तर दिवसभर स्वतःशी धुसफुसतात.

मी पाटी घेतली, खडू घेतला.

बहुश्रुत.
"यात नुसते कान," बोरस्त्यांची सून म्हणाली,
"हात कुठे आहेत?"
अष्टपैलू.
ते क्रिकेटवाल्यांनी नेलं. आणि आठच का?
पंडिता.
पदर तोंडाला लावून हसतील त्या.
सव्यसाची.
दोन्ही हातांनी बाण मारणारा. छे,
त्यांचा एक हात कायम कुणाच्या तरी पाठीवर असतो.
चतुरस्त्र, असं मी लिहिलं,
कुणी काही बोललं नाही.
हरहुन्नरी.
इथे जरा वेळ गेला. दोघींनी मान हलवली.
मग सर्वांत थोरली, इतका वेळ पिशवीचा बंद चाळवणारी:
"हा शब्द लोक पगाराऐवजी देतात."

मी सहज विचारलं, घरात काय म्हणायचे त्यांना?

"दीडशहाणी."

समोरच्या दुकानात कुणाच्या हातून परात पडली,
गोल गोल फिरत राहिली, थांबेना.

"सासरे म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या,"
थोरली म्हणाली. "त्याच चिंध्यांची गोधडी
माझ्या दोन्ही पोरांनी पांघरली."

शब्द ठरला नाही. हंडा ठेवून गेल्या.
मी नाव घातलं. खाली जागा सोडली.

दिवेलागणीला मथूताई स्वतःच आल्या,
झाऱ्यावर नाव घालायला, भाचीच्या रुखवतासाठी.
हंड्याकडे बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.
पाटीकडे मात्र झुकल्या,
अंगठ्यानं 'स्त्र'मधला त पुसला.
"अस्र. म्हणजे कोपरा. चतुरस्र, चार कोपऱ्यांचं.
कुणाला म्हणताय चौकोनी?"

मी गप्प.

मग मशीनकडे बोट: "ही सुई मिनिटाला किती वेळा आपटते?"
बत्तीस वर्षं धरतोय, मला माहीत नव्हतं.
"बघू?"
बसल्या माझ्या स्टुलावर. चष्मा पुसला माझाच.
झाऱ्यावर पहिलं अक्षर काढलं, वाकडं, पार दांड्यावर गेलेलं,
आणि जीभ दातांत धरली
सातवीतल्या पोरीसारखी.
"कुठं चुकलं?" मला विचारलं. मला.
दुसरं जरा बरं आलं.

त्या गेल्यावर हंडा पालथा घेतला मांडीवर
आणि नावाखाली कोरलं:
शिकाऊ.

तीन अक्षरं. बारा रुपये.
उद्या चौघी येतील, भांडतील बहुतेक,
पंचाहत्तरीला हा काय शब्द.
पैसे सोडीन.
खोडणार नाही. तांब्यावरचं खोडता येतही नाही,
फार तर ठोकून दाबता येतं,
आणि ते कसं, हे
या बाजारात त्यांनाच माहीत.